विहाराच्या मागची हजार चौरस फूट जागा

उत्तर नागपूरच्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागे जेमतेम हजार चौरस फूट मोकळी जागा आहे. या जागेसंबंधी विहार समितीसमोर आज दोन अर्ज पडून आहेत. पहिला अर्ज म्हणतो, तेथे हॉल बांधा, लग्नकार्याला भाड्याने द्या, विहाराला चार पैशांचे उत्पन्न होईल. दुसरा अर्ज बारा घरांचा आहे. या बारा घरांनी गेली काही वर्षे त्या जागेत सामायिक भाजीबाग चालवली आहे. ती बाग राहू द्यावी आणि तसा लेखी ठराव करावा, एवढेच त्यांचे मागणे आहे. त्या बारा घरांत आमचेही घर आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. म्हणजे आम्ही तटस्थ असल्याचा आव आणला, असे कोणी म्हणायला नको.

हा प्रश्न केवळ आमच्या वस्तीपुरता असता तर त्यासाठी या स्तंभाची जागा खर्ची घातली नसती. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात आपल्या वस्त्या आहेत, प्रत्येक वस्तीत विहार आहे, आणि कित्येक विहारांच्या मागेपुढे अशी मूठभर जागा आहे. त्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या सगळ्यांपुढे येणार आहे. म्हणून हा प्रपंच.

तांदूळ आला, भाजीचे काय?

बागेची सुरुवात झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. मार्च महिन्यात एका रात्रीत सगळे बंद झाले. आमच्या वस्तीतले बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, ऑटोवाले, हातगाडीवाले सारे घरी बसले. आठवडी बाजार बंद झाले. रेशनचे धान्य मिळाले, ते मिळाले नसते तर माणसे उपाशी मेली असती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घराघरांत ताटात काय होते? भात, पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा. पुढे पुढे नुसता भात आणि मीठ-मिरची. पोट भरत होते, पण अंगात काही लागत नव्हते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले. हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही, लढून मिळवलेला आहे. पण कायद्याच्या नावात ‘अन्न’ आहे आणि हातात पडते ते धान्य. धान्य म्हणजे अन्नाचा एक भाग झाला. भाजी, डाळ, अंडी, दूध, मांस हे ज्याने त्याने आपल्या खिशातून आणायचे. २०२३ च्या जुलैमध्ये टमाटर शंभर रुपयांच्या पार गेले तेव्हा आमच्या वस्तीतल्या बाया बाजारातून रिकाम्या पिशव्या घेऊन परतताना आम्ही पाहिल्या आहेत.

आता सरकारचेच आकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. देशपातळीवर अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांमध्ये ते सरासरीहून जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाजीपाला असावा असे सांगितले. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी! रोजंदारीवर जगणाऱ्या घराने ती कोठून आणायची?

येथे एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जातो. भाजीबागेचा पुरस्कार करताना आम्ही शाकाहाराचे सोवळे नेसलेलो नाही. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला स्वस्त, सकस घास हिरावला गेला. पालेभाजीतले लोह शरीराला सहज लागत नाही. त्यावर लिंबू पिळले तर थोडे जास्त लागते, एवढेच. ताटात डाळही हवी, अंडीही हवीत, मांसही हवे. भाजी त्यातला एक घास आहे, पण आज तोही घास नाही, म्हणून हे बोलणे.

“बाबासाहेबानं आमाले वावरातून काढलं”

बागेची पहिली बैठक विहारात झाली तेव्हा सर्वात मोठा विरोध पैशांवरून किंवा पाण्यावरून झाला नाही. गिरणीत उभी हयात घालवलेले एक वयोवृद्ध काकाजी उठले आणि म्हणाले, “काहून करता भाऊ हे? बाबासाहेबानं आमाले वावरातून काढलं, शहरात आणलं, शिकवलं. अन् तुम्ही पोट्ट्याईले परत मातीत नेता काय?”

बैठक गप्प झाली. प्रश्न बिनतोड होता. बाबासाहेबांनी आम्हाला खेडे सोडायला सांगितले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे जे वर्णन केले, ते आजही ग्रामस्वराज्याच्या भक्तांना बोचते. त्याच्या तीस वर्षे आधी, १९१८ साली, भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते, की शेतीवर माणसांचा बोजा फार झाला आहे आणि त्यावरचा उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. तुकड्यावर राबून कोणी वर येत नाही, हे अर्थशास्त्र त्यांनी तेव्हाच मांडले. मग आम्ही हजार फुटांचा तुकडा घेऊन कोणता पराक्रम करणार?

काकाजींना आम्ही जे उत्तर दिले, तेच येथे देतो. बाबासाहेबांनी आम्हाला गावकीच्या गुलामीतून बाहेर काढले. मातीशी त्यांचे भांडण नव्हते, मातीच्या मालकीशी होते. महार वतनाच्या बदल्यात चोवीस तास राबवून घेणारी व्यवस्था मोडण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतीचे काय करावे याचा आराखडाच दिला. जमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातिधर्म न पाहता गावातल्या कुटुंबगटांना कसायला द्यावी, शेती सामुदायिक असावी, म्हणजे कोणी जमीनदार उरणार नाही, कोणी कूळ उरणार नाही आणि कोणी भूमिहीन मजूर उरणार नाही. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि लाखोंच्या संख्येने आपली माणसे तुरुंगात गेली. ती जमिनीचा तुकडा मागत होती. तो त्यांना पाटलाच्या वावरात राबण्यासाठी नको होता, स्वतःच्या हक्काचा हवा होता.

म्हणून काकाजी, आमची मुले शाळा सोडून वाफ्यात बसणार नाहीत. ती अभ्यास करतील, इंजिनियर होतील, आणि रविवारी सकाळी तासभर विहाराच्या मागे पाणी घालतील. मातीत हात घातल्याने कोणी गुलाम होत नाही. दुसऱ्याच्या मातीत दुसऱ्याच्या हुकमावर हात घालावा लागतो, तेव्हा गुलाम होतो. काकाजींना हे सगळे पटले असे नाही. पण पुढे पहिल्या मेथीची जुडी त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी ती परत पाठवली नाही!

परस कोणाला होते?

मराठीत अशा बागेला परसबाग म्हणतात. शब्द गोड आहे, पण जरा थांबून विचार करा. परस म्हणजे घरामागची जागा. वाड्याला परस होते, त्यात आड होता, केळी होत्या, आळूचे वाफे होते. गावकुसाबाहेरच्या आमच्या झोपडीला परस कोठून असणार? आणि असते तरी त्याला घालायला पाणी कोण देणार होते? ज्यांना पिण्याच्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या आळूला कोण पाणी पाजणार? म्हणून तर महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना क्रांतिकारक ठरली. शहरात आलो तरी तीच गत. दहा बाय दहाच्या खोलीला परस नसते. गच्चीवर कुंड्या लावून छायाचित्रे काढणाऱ्यांचा छंद वेगळा आणि आमची गरज वेगळी. आम्हाला परस एकेकट्याने मिळणार नाही. मिळेल तर सगळ्यांचे मिळून मिळेल.

आणि हे सगळ्यांचे मिळून असणे आमच्या धम्माला नवे नाही. बिंबिसाराने बुद्धाला व संघाला दान दिले ते वेळुवन, अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. दोन्ही उद्यानेच. ज्याला आपण संघाराम म्हणतो त्यातल्या ‘आराम’ शब्दाचा अर्थच बाग. विनयाप्रमाणे संघाचा आराम आणि संघाची जमीन कोणा एकाला देऊन टाकता येत नाही किंवा आपसात वाटून घेता येत नाही. ती चारी दिशांच्या संघाची. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो दमून, उपाशी असा उपदेश ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. उपाशी माणसाला उपदेश कळत नाही, हे ज्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी जाणले, त्या धम्माच्या विहारामागे भाजी पिकणे अप्रस्तुत कसे होईल?

बाग कशी उभी राहिली

आता थोडे कामाचे. ज्यांना आपल्या वस्तीत असे काही करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या चुकांसह सांगतो.

पहिली चूक हंगामाची. उत्साहाच्या भरात आम्ही एप्रिलमध्ये बी टाकले. नागपूरचे ऊन ४५ अंशांच्या घरात गेले आणि कोवळी रोपे दोन दिवसांत करपली. दुसरी चूक जमिनीची. विहाराच्या मागे जुन्या बांधकामाचा मलबा पुरलेला होता. टिकास मारले की विटांचे तुकडे निघत. त्यात काही उगवेना. शेवटी जुन्या विटा रचून फूटभर उंचीचे वाफे केले, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. बाहेरून एक ट्रॉली काळी माती आणली. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात मुळे कुजतात, म्हणून तिच्यात शेणखत आणि थोडी रेती मिसळली.

जागा निवडताना एवढे पाहा. दिवसातून निदान सहा तास ऊन आले पाहिजे. पूर्वी तेथे जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात असतील, गाड्यांना रंग मारला जात असेल किंवा कचरा जाळला जात असेल तर ती माती खाण्याची भाजी लावायला वापरू नका. शिसे डोळ्यांना दिसत नाही, पण मुलांच्या मेंदूला बाधते. माती तपासणीच्या नेहमीच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश कळते, शिसे कळत नाही. म्हणून शंका असेल तेथे बाहेरची माती आणून उंच वाफेच करावेत.

पाण्याबाबत तर हयगय नकोच. नाग नदी आणि पिवळी नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेतात. अशा नाल्याच्या पाण्यावर भाजी टरारून येते खरी, पण तिच्यावर जंतांची अंडी असतात आणि कारखान्याचे पाणी मिसळत असेल तर जड धातूही असतात. मुंबईत रेल्वे रुळांलगतच्या भाजीच्या वाफ्यांबद्दल हीच ओरड वर्षानुवर्षे झाली. गरिबाला भाजी हवी म्हणून विषारी भाजी चालेल, असे नाही. आम्ही विहाराच्या बोअरचे पाणी सकाळी एकदा, झारीने देतो. उन्हाळ्यात बोअर आटतो तेव्हा निम्मे वाफे मोकळे ठेवतो.

काय लावावे? पावसाळ्यात भेंडी, चवळी, गवार, अंबाडी, आणि कुंपणावर दोडके, कारली. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, सांबार, वांगी, टमाटर. ज्याला मुंबई-पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे तिकडच्या वाचकांसाठी सांगितले. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली चवळाई आणि माठ. एका कोपऱ्यात मुनगा, म्हणजे शेवगा, आणि गोडलिंब. मुनग्याला फार निगा लागत नाही आणि शेंगा नसतील तेव्हा पाल्याची भाजी होते. मेथी महिन्याभरात हाती येते, पालक एकदा लावला की अनेकदा कापता येतो. किडीसाठी निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या हिशेबाने रात्रभर भिजवून, गाळून फवारतो. कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या. बकऱ्या थांबल्या, डुकरे थांबली नाहीत. त्यासाठी जाळी घ्यावीच लागली.

कचऱ्याची बादली कोणी उचलायची?

मातीपेक्षा अवघड होती माणसे. खत घरच्या कचऱ्यातून करायचे ठरले. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, त्यावर वाळला पाला, असे थर लावले की दोन-तीन महिन्यांत खत होते. प्रश्न आला, बारा घरांच्या बादल्या रोज कोणी गोळा करायच्या? बैठकीत कोणीतरी सहज बोलून गेले, “ते काम त्या घराकडं द्या, ते तर सफाईतच आहेत.” ज्या घराविषयी हे बोलले गेले त्या घरची मावशी तेथेच बसली होती. ती काही बोलली नाही. उठली आणि निघून गेली.

वाचकहो, हे वाक्य कोणा मनुवाद्याच्या तोंडून आलेले नव्हते. विहारात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, आमच्यातल्याच एका शिकलेल्या माणसाने ते उच्चारले होते. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हीही गप्प बसलो. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, यावर आम्ही व्याख्याने दिली आहेत. ती आमच्याच जिभेवर कशी बसली आहे, हे त्या दिवशी दिसले. दुसऱ्या दिवशी चार बाया त्या मावशीच्या घरी गेल्या, माफी मागितली आणि परत घेऊन आल्या. नियम झाला, बादलीची पाळी प्रत्येक घरावर आठवडाभर येईल, शिक्षक असो, बँकेतला असो, की स्तंभ लिहिणारा असो. पहिली पाळी आमची लागली. बादली उचलून गल्लीतून जाताना पहिल्या दिवशी आम्ही तोंड खाली घातले होते, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मान वर झाली. आमच्या मते बागेने पिकवलेले सर्वात मोठे पीक हेच.

दुसरा वाद चोरीचा. पहाटे कोणीतरी पालक खुडून नेते, असे लक्षात आले. कुलूप लावा, पहारा ठेवा, अशा सूचना आल्या. शोध घेतला तर बाराच्या बाहेरच्या घरातली एक विधवा बाई निघाली. घरात तीन लेकरे. तिला चोर म्हणायचे? त्या बैठकीत ठरले, फाटकाजवळचा एक वाफा मोकळा राहील. त्यातून कोणीही, न विचारता, एका वेळची भाजी न्यावी. तेव्हापासून खुडण्याची तक्रार आली नाही. ती बाई आता पाळीने पाणी घालायला येते.

तिसरा वाद बायका आणि पुरुषांचा. पाणी बाया घालत होत्या, निंदण बाया करत होत्या, आणि समितीच्या कागदावर नावे पुरुषांची होती. १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची परिषद भरली होती. त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांना हे शोभणारे नव्हते. आता हिशेबाची वही दर तीन महिन्यांनी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाते. बियाण्याचा, जाळीचा, खताचा खर्च त्यात लिहिलेला असतो आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर तो मोठ्याने वाचला जातो.

हिशेब खरा मांडू या

हजार फुटांत बारा घरांचे पोट भरते काय? नाही. वाटा सोडून आमच्याकडे लागवडीला साधारण साठ चौरस मीटर उरतात. पालकाचे चांगले पीक चौरस मीटरला एक ते दीड किलो येते. म्हणजे सगळीकडे पालकच लावला तरी एका पिकात साठ ते नव्वद किलो. बारा घरांना पोषणाच्या हिशेबाने रोज चोवीस किलो भाजी लागेल. सगळे पीक मिळून तीन-चार दिवसांचीच भाजी! पण तेच पीक सहा आठवडे थोडे थोडे कापले, तर प्रत्येक घरात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा किलो ताजी पालेभाजी जाते. जेथे ती एकदाही जात नव्हती तेथे दोनदा जाते. बागेने एवढेच केले. यापेक्षा मोठा दावा जो करील तो फसवतो आहे.

म्हणूनच उद्या एखादा पुढारी येऊन म्हणाला, की बघा, यांनी बाग केली, आता यांना रेशन कशाला, तर त्याला तेथल्या तेथे थांबवले पाहिजे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. आमची बाग त्या कर्तव्यातून सरकारला मोकळे करत नाही. उलट आमच्या मागण्या वाढतात. वस्तीतल्या सार्वजनिक मोकळ्या जागांवर अशा बागांना लेखी परवानगी द्या. पाण्याचा नळ द्या. शाळेच्या पोषण आहार योजनेत पोषण बागेची तरतूद आहे, ती आमच्या शाळांत जमिनीवर उतरवा. रेशनवर डाळ आणि तेल कायमचे द्या.

इतरांनी काय केले तेही पाहू. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यावर राबणारी काळी स्त्री १९६२ साली मतदार नोंदणीला गेली, म्हणून तिला मळ्यावरून हाकलले गेले. मताचा हक्क मागणाऱ्याला गोरा मालक भुकेने नमवतो, हे तिने ओळखले आणि १९६९ साली ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती ४० एकरांवर सुरू केली. गरीब कुटुंबे तेथे भाजी पिकवत. वराहांची बँकही होती, गाभण मादी न्यायची आणि पिल्ले झाली की काही परत द्यायची. गावच्या तुकड्यासाठी बलुतेदारीत नमणाऱ्या आमच्या बापजाद्यांची आठवण यावी असाच हा इतिहास. पण ती शेती बरीचशी देणग्यांवर अवलंबून होती. पैसा आटला, निसर्गाने मारले, हेमरबाईंची प्रकृती ढासळली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात ती बंद पडली. ज्या ब्लॅक पँथर्सवरून आमच्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले, त्यांनीही १९६९ साली ऑकलंडमध्ये मुलांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. भाषणे करणाऱ्यांनीच सकाळी अंडी तळली!

क्युबात १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल आणि खतांची आयात आटली. हवाना शहरातल्या मोकळ्या जागांवर उंच वाफ्यांच्या बागा उभ्या राहिल्या. पण तेथे सरकारने जमीन वापरायला दिली, बियाणे आणि जाणकार माणसे दिली, हे विसरता कामा नये. आपल्याकडे केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्री योजनेतल्या भूमिहीन बाया गटाने जमीन भाड्याने घेऊन शेती करतात. बोध साधा आहे. लोकांची मेहनत आणि जागेची हमी, दोन्ही असेल तेव्हाच बाग टिकते.

हॉल की बाग?

आता पुन्हा आमच्या दोन अर्जांकडे. हॉल मागणारेही आपलेच आहेत आणि त्यांचे म्हणणे सगळेच चुकीचे नाही. गरिबाला लग्नासाठी स्वस्तात जागा हवी, विहाराला दिव्याचे बिल भरायला पैसा हवा. पण भाड्याने दिलेल्या हॉलवर आधी विहाराचे नाव असते, मग ठेकेदाराचे येते, मग ज्याच्या खिशात भाडे आहे त्यालाच दार उघडते. अशा जागा आम्ही शहरात पाहिल्या आहेत. मुलांना अभ्यासिका हवी हे आम्हालाही मान्य आहे. ती विहाराच्या स्लॅबवर बांधता येईल, त्यासाठी वर्गणीत आम्ही पहिले नाव लिहू. पण मेथी स्लॅबच्या खाली उगवत नाही. तळाची माती एकदा सिमेंटखाली गेली की परत येत नाही.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहार समितीची सभा आहे. आम्ही ठराव मांडणार आहोत, की ही जागा कोणा एकाला देता येणार नाही, विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. ती वस्तीची सामायिक भाजीबाग म्हणून राहील, आणि बाराच काय, ज्या घराला पाळी घ्यायची असेल त्या प्रत्येक घराला तिथे वाफा मिळेल. ठराव मंजूर होईलच असे नाही. काकाजी कोणत्या बाजूने हात वर करतात, हेही आम्हाला ठाऊक नाही. पण ती मावशी येणार आहे, ती विधवा बाई येणार आहे, हिशेबाची वही येणार आहे.

वाचकांना विनंती एवढीच. आपल्या विहाराच्या मागे एकदा जाऊन पाहा. तिथे गवत असेल, मलबा असेल, कोणाची तरी मोटारसायकल उभी असेल. ती जागा किती फूट आहे ते मोजा, तिची मालकी कोणाच्या नावावर आहे ते कागद काढून पाहा, आणि मृगाच्या आधी पाच घरे एकत्र बसवा. पहिल्या बैठकीत बियाण्याचे नंतर बोला, बादली कोण उचलणार ते आधी ठरवा.

जयभीम!